भागवतची कंट्री

पहिल्यांदा ते गाणं माझ्या कानावर पडलं तेव्हा मला वाटलं, मेंढरांच्या जाळीपाशी कुणाला तरी ताप भरलाय. मी हातातलं काम टाकून गेले. बघते तर भागवत बाभळीला टेकून बसलेला, डोळे मिटलेले, मोबाईल छातीवर. आणि त्या मोबाईलमधून कुणीतरी घसा बसलेला माणूस काहीतरी सांगत होता. गात होता म्हणायला माझी जीभ वळेना.

"भागवत, कोण कण्हायलंय रे?"

"कण्हत न्हाई काकी, गायलाय."

"कोण?"

"खोकल्यावाला."

असं म्हणाला जसा काही तो पिंगळीच्या टेसनावर चहा विकतो.

भागवतची मेंढरं दरसाल आमच्या रानात बसतात. तूर निघाली की रान मोकळं होतं. मग तो जाळी लावून मेंढरं आत घेतो, आणि काही रात्रींत जमिनीला असं खत पडतं की गोणीतल्या खताला ती सर नाही. त्याच्या बापाची मेंढरंही आमच्याच रानात बसायची. म्हणून तो मला काकी म्हणतो, नात्यानं आम्ही कुणी लागत नसलो तरी. माणूस उंच, वाळलेला, बोलायला कंजूस. खांद्यावर घोंगडं, वरच्या खिशात मोबाईल. सुपारीचं खांड तोंडात टाकत नाही, तंबाखूच्या वाऱ्याला उभा राहत नाही. अशा माणसाला हा नाद कुठून लागला, ते मला काही केल्या कळेना. मेंढरांमागं फिरणाऱ्या माणसानं अमेरिकेची गाणी ऐकावी, आणि ती पण नाचायची नाही, कण्हायची!

मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं की सगळा घोटाळा एका कोंबडीनं केला.

मोबाईल नवा घेतला तेव्हा भागवत परभणीला जब्बारभाईच्या दुकानात गाणी भरायला गेला होता. तेव्हा ते छोटं कार्ड असायचं, नखाएवढं, त्यात दुकानदार गाणी भरून द्यायचा. भागवतला पाहिजे होत्या धनगरी ओव्या. पण भरल्या दुकानात चार शिकलेल्या गिऱ्हाइकांपुढं 'ओव्या' म्हणायची त्याला लाज वाटली. तो म्हणाला, "गावरान भरा."

"गावरान मतलब?" जब्बारभाई म्हणाला.

"गावरान म्हंजी गावरान. कोंबडी नसती का, तसं."

समोर रस्त्यापलीकडं खानावळीची पाटी होती. तिच्यावर लाल अक्षरात लिहिलेलं, गावरान चिकन, आणि त्याखाली तेच इंग्रजीत, कंट्री चिकन. जब्बारभाईनं पाटीकडं बघितलं, भागवतकडं बघितलं, आणि मशिनीत कंट्री टाकलं. जे निघालं ते सगळं कार्डात भरलं.

भागवत रानात आला, कार्ड लावलं, आणि ओवीच्या जागी खोकल्यावाला निघाला.

"मग परत न्हाई केलंस?" मी विचारलं.

"जाणार व्हतो. पर मेंढरं सोडून जावं कसं? आठ दिस तेच ऐकलं. आठ दिसांनी गेलो तर जब्बारभाई आधीच हात जोडायलाय, गलती हो गई मामू, पैसे वापस ले लो. मी म्हणलं, पैसे ठेव, असलंच आणिक भर."

तेव्हापासून त्याच्या घरात त्या गाण्याचं नाव पडलं कंट्री.

आता नुसतं ऐकणारे पुष्कळ असतात. भागवतचं तसं नाही. त्याला निवड आहे. एकदा जब्बारभाईनं त्याला खूष करायला नवी, भारीतली गाणी भरून दिली, तर हा दुसऱ्या बाजाराला कार्ड घेऊन परत. "ही नगं. ही पोळ्याच्या बैलावानी रंगवलेली हायत. ती पहिली दे. ज्याच्यात खुर्ची सरकवलेली ऐकू येती, माणूस गायच्या आधी श्वास घेतो, ती." जब्बारभाईनं शोधून काढलं की या खरखरीत जातीला तिकडं वेगळं नाव आहे. कुणी अल्टरनेटिव कंट्री म्हणतात, कुणी अमेरिकाना. भागवतनं मला ते मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"अमेरिकाना."

"अमेरिका ना? हाव, तिकडचीच असणार," मी म्हणाले. तो हिरमुसला. मला वाटलं होतं तो विचारतोय.

इंग्रजी अक्षर त्याला वाचता येत नाही, म्हणून गाणाऱ्यांची नावं त्यानंच ठेवलीत. खोकल्यावाला. धाकटी, म्हणजे बारीक आवाजाची एक बाई. दोघं भाऊ, जे एकदम गातात पण एक जण जरा वरून गातो. आणि लोहार, कारण त्याच्या गाण्यात मागं काहीतरी लोखंडावर पडत असतं. वाजंत्री मलाही हळूहळू ओळखू यायला लागली. एक आपल्या तुणतुण्याचा शहाणा भाऊ आहे, लय घाईत असतो. एक सारंगीसारखं. आणि एक तार अशी आहे की ती वाजत नाही, घसरते, ओल्या बांधावरून पाय घसरावा तशी. भागवत म्हणतो, सगळं गाणं त्या घसरण्यात आहे.

"पर काय म्हणायलाय ते तुला कळतं का?"

"कळतं की. ही बघा, ह्याची मेंढी हरवलीय. हा मोटारीत बसून तिला हुडकायलाय. घर आलं तरी थांबत न्हाई, कारण मेंढीबिगर घरात जावं कसं."

माझा काही विश्वास बसेना. शाळेतल्या सुमंगलाबाई आमच्या रानावरून जातात, इंग्रजी शिकवतात. एके दिवशी मी त्यांना थांबवलंच. पाणी दिलं, हरभऱ्याची ओली डहाळी दिली आणि खोकल्यावाल्यापुढं बसवलं. बाईंनी दोनदा ऐकलं. म्हणाल्या, "आजी, हा नाकातून बोलतो, अर्धं मलाही लागत नाही. पण मेंढी नाहीये. आई गेल्यावर भावांनी घर विकलंय. हा त्या रस्त्यानं गाडी घेऊन जातो, दिवा लागलेला बघतो आणि तसाच पुढं जातो."

मी भागवतकडं बघितलं. वाटलं, गडी आता खट्टू होणार. त्यानं मोबाईल उचलून खिशात ठेवला. मग म्हणाला, "थांबत न्हाई, एवढं तर बरोबर हुतं का न्हाई?"

बाई म्हणाल्या, "ते बरोबर होतं."

"मग झालं."

असं सगळं सुखानं चाललेलं. आणि यंदा त्याच्या रेणुकाची सोयरीक आली.

रेणुका भागवतची एकुलती पोरगी. कॉलेज केलेली, बापासारखी उंच, आईसारखी फटकळ. स्थळ चारठाण्याकडचं. मुलगा मार्तंड, शेळ्यांचा धंदा चांगला वाढवलेला, आणि मुख्य म्हणजे रेणुकाला पसंत. ती काही बोलली नाही, पण पाव्हणे येऊन गेल्यावर तिनं स्वतःहून भांडी घासली, तेव्हाच मी ओळखलं. मुलाचा बाप रामकिशन तोलून बोलणारा. त्यांचा थोरला भाऊ दारूपायी गेला, त्याची लेकरं ह्यांनीच वाढवली. त्यामुळं त्यांची एकच अट, ज्या घरात बाटली, तिथं सोयरीक नाही. भागवतला ही अट ऐकून हसूच आलं होतं. आपल्याला काय त्याचं!

पुढचं मला मागाहून कळलं. ठरायच्या आधी दोन्हीकडच्या बाया पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला भेटल्या. दर्शन झालं, नारळ फोडले, पारावर बसून खोबरं खाल्लं. मुलाची आई चंदा होणाऱ्या व्याह्याबद्दल गोड बोलून म्हणाली, "इवाई लय शांत हायत बगा तुमचे."

भागवतची बायको दैवशाला. नवऱ्याची कुणी स्तुती केली की तिला राहवत नाही, एक तरी खोड काढावी लागते. ती म्हणाली, "शांत दिसतेत. पर कंट्रीचा लय नाद हाय त्यांना. सकाळी उठलं की कंट्री. दुपारी कंट्री. कंट्री लावल्याबिगर मेंढरं सोडत न्हाईत."

आता आपल्या जिल्ह्यात कंट्री म्हणजे काय, हे शेंबड्या लेकरालाही माहीत आहे. देशी दारूला दुसरं नाव काय? आणि 'लावली' म्हणलं की कुणी दिवा लावला असं समजत नाही. पण दैवशालेच्या घरात त्या शब्दाचा अर्थ इतकी वर्षं दुसराच झालेला, तिच्या ध्यानातच आलं नाही. ती आपली हसत खोबरं खात होती. चंदाच्या घशात मात्र खोबरं अडकलं.

चार दिवसांनी निरोप आला. पोरगी पसंत आहे, पण जरा थांबू.

का थांबू, ते कुणी सांगेना. भागवतनं मोबाईल लावून पाहिला, रामकिशन म्हणाले, घाई काय आहे. मार्तंडनं रेणुकाचा फोन उचलणं बंद केलं. पोरीनं तोंडानं काही म्हणलं नाही, पण आईवर चिडायचीही थांबली. फटकळ माणूस गप्प झाला की घर कसं होतं, ते ज्याच्या घरी झालं त्यालाच विचारा. दैवशाला दिवसातून दहादा माझ्याकडं यायची, "काकी, आमचं काय चुकलं?"

आणि एके दिवशी भर दुपारी रामकिशन न सांगता मोटारसायकलीवर थेट रानात आले. घरी नाही, रानात. मी तिथंच हरभऱ्याचे सोलाणे सोलत बसलेले. भागवत धडपडून उठला, घोंगडं झटकून अंथरलं, पाणी दिलं. पाणी पिताना पाव्हण्यांची नजर सगळीकडं फिरत होती. बाभळीच्या बुंध्यामागं, जाळीच्या कोपऱ्यात, घोंगड्याखाली. मग ते भागवतच्या अगदी जवळ सरकून बसले, तोंडापाशी तोंड नेऊन.

भागवतला वाटलं, ह्यांना कमी ऐकू येतं. त्यानं आवाज चढवला.

"घरी समदे बरे हायत का?"

रामकिशन दचकून मागं झाले. परत पुढं झाले, नाक पुढं करून. मला हसू दाबता येईना, पण काय चाललंय ते उमजेना.

"इवाई, खरं सांगा," ते म्हणाले. "किती लावता?"

"आं?"

"दिवसाला. कंट्री. किती लावता?"

भागवतचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत त्याला हे आपणहून विचारणारा पहिलाच माणूस भेटला होता.

"सकाळी मेंढरं सोडताना एखादी-दुसरी. दुपारी ती सावलीला बसली की मग हिशेब न्हाई."

"एकटेच?"

"संगतीला कोण बसतंय? दैवशाला बसती कधीमधी. पर तिला जोराची सोसत न्हाई. हळू लाव म्हणती."

"बाई बी?" रामकिशनच्या हातातला तांब्या कलला. "आन् पोरगी?"

"रेणुका? ल्हान व्हती तवा माझ्याआधी मागायची. आता कॉलेजात गेल्यापसून नाक मुरडती."

पाव्हण्यांनी डोक्याची टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. भागवत आता थांबणारा नव्हता.

"परभणीहून आणतो. जब्बारभाई भरून देतो. एकदा भरली की वरीसभर बघाय नगं. भेसळ केली तर मी परत करतो. मागं चकचकीत माल भरून दिला हुता, मी म्हणलं, असली नगं, ती खरखरीत दे. काकींनी बी घेतलीय की चव. इचारा त्यांना."

रामकिशननं माझ्याकडं असं बघितलं, की या वयात! आणि तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी सोलाण्याचं सूप बाजूला ठेवलं.

"अवो पाव्हणं, थांबा थांबा. ती प्यायची न्हाई. ऐकायची हाय!"

"काय ऐकायची?"

"कंट्री!"

आता दोघंही माझ्याकडं बघायला लागले. मग सगळं सांगत बसावं लागलं, खानावळीची पाटी, कोंबडी, जब्बारभाई, कार्ड. भागवतचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "म्हंजी तुमी... म्हंजी म्या एवढा वेळ..."

रामकिशन काही हसले नाहीत. म्हणाले, "लावा."

भागवतनं खोकल्यावाला लावला. मेंढरं रवंथ करत होती, वारा पडलेला, आणि तो दूरचा माणूस आपल्या विकलेल्या घरावरून गाडी नेत होता. पाव्हण्यांनी सगळं गाणं मान खाली घालून ऐकलं.

"कळतं का तुमाला हे?"

"न्हाई."

"मग?"

भागवतनं विचार केला. "मेंढी चुकली की आपण हाक मारतो. तिला काय बोली कळती? पर येती का न्हाई?"

"हाक मारणारा वळखीचा असतो."

"हा बी झाला की आता वळखीचा."

रामकिशन बराच वेळ टोपीचा काठ चाचपत राहिले. मग त्यांनी जे म्हणलं, ते मला तेव्हा कठोर वाटलं, पण खोटं नव्हतं.

"माझी शंका फिटली. पर माझ्या बायकोनं भावकीत समद्यांना सांगून ठेवलंय, इवाई पितो म्हणून. आता मी जाऊन काय सांगू? इवाई पीत न्हाई, मेंढरामागं इंग्रजी गाणी ऐकतो? लोक म्हणतील, रामकिशनला बी पाजून पाठवलं. लगीन पार पडंस्तोवर हे बंद ठेवा. कंट्री हा शब्द तुमच्या रानात बी नगं आन् घरात बी नगं."

भागवतनं हो म्हणायला वेळ लावला नाही. मोबाईलची पाठ नखानं उघडली, बॅटरी काढली, आतलं कार्ड काढलं. ते एवढंसं काळं कार्ड त्यानं धोतराच्या सोग्याला पुसलं आणि पाव्हण्यांच्या तळहातावर ठेवलं.

"माझ्यापशी ऱ्हायलं तर मी लावीन. तुमीच ठेवा."

रामकिशनला ते घ्यावं की नाही कळेना. घेतलं. खिशात टाकलं, वरून बटण लावलं आणि गेले.

संध्याकाळी रेणुकाला कळलं. ती तडक रानात आली.

"बाबा, मी मागितलं व्हतं का असं काही?"

"तू कामून मागशील."

"मग दिलं कामून? आन् देऊन काय झालं? माझ्या मोबाईलवर समदं मिळतं. हे बघा, लावते."

"लावू नगंस," भागवत म्हणाला. "कार्ड गेलं म्हणून बंद हाय का? शब्द दिला म्हणून बंद हाय."

पोरगी उभी राहिली तशीच. मग बापाच्या शेजारी बसली. मेंढराच्या पायातला काटा दोघांनी मिळून काढला आणि त्यावर एकमेकांशी लय बोलले, काटा कुठला, बोर की बाभूळ.

त्यानंतर रान असं मुकं झालं की मलाच करमेना. खरं सांगायचं तर त्या कण्हण्याची मला सवय झालेली. भागवत कामं नीट करायचा, पण दुपारी मेंढरं सावलीला बसली की त्याचा हात वरच्या खिशाकडं जायचा आणि तिथंच थांबायचा. तिकडून अजून पक्कं काही नाही. दैवशाला म्हणायची, "कार्ड बी गेलं आन् इवाई बी गेला."

आणि मग एका सकाळी रामकिशनचा फोन आला. मी त्यांच्या घरी दूध घ्यायला गेले होते. भागवतला फोन कानाला लावायची सवय नाही, तो मोठ्या आवाजात हातात धरून बोलतो, त्यामुळं चोरून ऐकायचं पाप मला लागलं नाही.

"इवाई, येत्या बेस्तरवारी सुपारी फोडू," तिकडून आवाज आला. दैवशालेनं दुधाची चरवी तशीच खाली ठेवली. आतून रेणुका दारापर्यंत आली आणि भिंतीआड उभी राहिली.

"फोडू की," भागवत म्हणाला. त्याचा घसा खोकल्यावाल्यासारखा झालेला.

"भावकीचं मी बघतो. चंदानंच समद्यांना सांगितलं, माझी ऐकण्यात चूक झाली म्हणून." जरा वेळ तिकडून नुसता श्वास. मग, "आन् एक दुसरं इचारायचं व्हतं."

"इचारा."

"तुमच्या त्या घसा बसलेल्या माणसामागं एक बाई गाती. ती कोण?"

भागवतनं फोन तोंडाजवळ नेला. "तुमी कार्ड लावलं व्हय?"

"मग? घरात आणलेली वस्तू तपासाय नगं का? लावलं म्हणजे... तपासलं. चंदा म्हणाली, इचारा तरी ती कोण हाय. कोण हाय?"

"भईण हाय त्याची."

"भईण? मला बायको वाटली."

"बायको अशी माघं ऱ्हाईल का? भईणच."

"भईण असती तर इतकं सांभाळून गायली असती का? ती त्याच्या फुडं जात न्हाई, पर त्याला पडू बी देत न्हाई. बायकोच हाय, इवाई. पुन्हा ऐका तुमी."

"ऐकू कशावर? कार्ड तर तुमच्याकडं!"

मग रामकिशन म्हणाले, "बेस्तरवारी आणतो. पर लगीन होईस्तोवर हळू लावा."

दैवशालेनं कपाळावर हात मारला. भिंतीआडून रेणुका इतकी मोठ्यानं हसली की दारातली शेळी उठून उभी राहिली.

बेस्तरवारी सुपारी फुटली. मानपानाचं, तारखेचं बाकीचे बोलत बसले. हे दोघं इवाई मात्र जाळीपाशी, डोक्याला डोकं लावून, मध्ये मोबाईल. एक म्हणतो भईण, एक म्हणतो बायको. सुमंगलाबाईंना विचारा म्हणाले मी, तर दोघंही एका सुरात, "नगं!" म्हणजे ठरवायचं नाहीच आहे त्यांना.

मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, ती भईणही नाही आणि बायकोही नाही. शेजारीण असणार. दुसऱ्याच्या गाण्यात किती शिरायचं, ते शेजारणीलाच बरोबर कळतं.